इफच्या मागचं हॅड

"इथं अंगठा दिलास की झालं," कंपनीचा साहेब म्हणाला आणि त्याने अपघाताचा कागद आणि शाईचा पॅड खाटेवर ठेवला.

रोह्याच्या दवाखान्यात विठू चार दिवस पडून होता. नळीतून वाफ उसळून त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायचं काम विठूचं होतं; त्यानंतर दुरुस्तीसाठी नळी उघडायला पुढे गेलेला त्याचा सोबती जनू वाचला नव्हता. विठूने डावा हात पुढे केला.

"थांब रे," उशाशी बसलेली सरू म्हणाली. "काय लिवलंय बघू."

"इंग्रजीत आहे, बाई."

सरू त्याची थोरली बहीण, वरसे गावच्या अंगणवाडीत सेविका. दहावीला ती इंग्रजीत तीनदा नापास झाली होती. शेवटी पेणच्या गुणाजी मास्तरांनी तिच्याकडून जर-तरची वाक्यं शंभर शंभर वेळा लिहून घेतली, तेव्हा कुठे पस्तीस मिळाले. तिने ओळीखाली बोट धरून एकेक शब्द जुळवला. इफ विठू हॅड क्लोज्ड द व्हॉल्व्ह... पुढे वुड नॉट हॅव.

"विठूने व्हॉल्व्ह बंद केला असता तर अपघात झाला नसता, असंच ना साहेब?"

"हो. नुसतं जर-तर आहे. यात आरोप कुठे आहे?"

"इफच्या मागून हॅड आलं की ते घडलंच नाय, असं मास्तर सांगायचे. म्हंजे यानं बंद केलाच नाय असं ठरतंय." ती भावाकडे वळली. "खरं सांग, केला व्हतास?"

"केला व्हता गो ताई. चाक फिरलं, पन आतलं झाकण बसलं नाय. गंजलाय म्हनून दोनदा लिवून दिलं व्हतं."

साहेबाने घड्याळ पाहिलं. "अंगठा नसेल तर परत कामावर घेणं अवघड आहे. विचार करा."

सरूच्या मानधनात भागणारं नव्हतं, घर विठूच्या पगारावरच चालायचं. सरूला वाटलं, आपण उगाच वाचलं. पण विठूने हात मागे घेतला.

"जनूच्या बायकोला त्वांड कसं दावू? नाय साहेब. न्या तो कागद."

चौकशी चौदा महिने चालली. दोष गंजलेल्या व्हॉल्व्हचा निघाला. जनूच्या बायकोला भरपाई मिळाली. विठूला मात्र परत बोलावणं आलं नाही.

तो आता रोह्यातल्या अष्टमीच्या पुलाजवळ भाजी विकतो, डाव्या हाताने तोलतो. दुपारी तीनला कंपनीत शिफ्टचा भोंगा झाला की तराजू तसाच धरून उभा राहतो. भोंगा थांबतो.

"अर्धा किलो म्हनालात ना?" तो समोरच्या बाईला विचारतो.