साहेबांच्या पत्त्यावरून

तिने पेनाला टोपण लावलं आणि तीन पानांचा अहवाल टेबलावरून साहेबांकडे परत सरकवला.

"सही राहिली," साहेब म्हणाले.

"राहिली नाही साहेब. केली नाही."

साहेबांनी चष्मा काढला. जिल्ह्यातल्या त्रेचाळीस शाळा त्यांच्या हाताखाली होत्या. त्या शाळांमधला प्रत्येक संगणक, प्रत्येक पासवर्ड आणि मुलांची सगळी माहिती सांभाळायची जबाबदारी तिची, म्हणजे तंत्रप्रमुखाची. नऊ दिवसांपूर्वी इंटरनेटवरून चोर आत शिरले आणि ती सगळी माहिती कुलूपबंद करून गेले. हजेरी, गुण, घरचे पत्ते, कोणत्या मुलाला कसली ॲलर्जी आहे तेसुद्धा. तेव्हापासून शिक्षक पुन्हा वहीत हजेरी घेत होते आणि पालकांच्या फोनने कार्यालयाचे कान किटले होते.

हे कसं घडलं त्याचा हा अहवाल. साहेबांनी तो चिटणिसाकडून लिहून घेतला होता. चिटणीस म्हणजे माणूस नव्हे; कार्यालयाने वर्षापूर्वी विकत घेतलेला एआय. नाव साहेबांनीच ठेवलेलं. प्रत्येक बैठकीला तो पडद्यावर हजर असे, कोण काय बोललं ते शब्दन् शब्द टिपून घेई, आणि एरवी सांगाल ते सांगाल तसं सुबक भाषेत लिहून देई. असा होयबा मिळाला की कुठल्याही साहेबाला आपण फार छान लिहितो असं वाटू लागतं.

अहवालात कारण एका ओळीत उरकलं होतं: 'आवक-जावक विभागातील कर्मचाऱ्याने निष्काळजीपणे घातक मेल उघडून ती सर्व शाळांना पाठविली.'

त्या विभागात कर्मचारी एकच होता. त्याला सगळे जावककाका म्हणत.

"काका दोन महिन्यांत निवृत्त होतायत," साहेब म्हणाले. "सेवापुस्तकात एक शेरा पडला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"एकतीस वर्षांत एकही शेरा नाही त्यांच्या सेवापुस्तकात."

"मग एक झेपेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मेल तुमच्या पत्त्यावरून आली होती साहेब. तुमच्या खऱ्या पत्त्यावरून. आम्हा सगळ्यांना मेल उघडताना आधी पासवर्ड टाकावा लागतो, मग फोनवर येणारा आकडा. तुम्ही तुमच्यापुरता तो आकडा बंद करायला लावलात. चोरांना नुसता पासवर्ड पुरला. यात काकांनी काय करायचं होतं?"

"मी बंद करायला लावला याला पुरावा?"

"बैठकीत लावलात. चिटणीस होता ना बैठकीला."

साहेबांनी चष्मा सावकाश डोळ्यांवर चढवला.

"उद्या अकराला या प्रकरणावर समिती बसतेय. तोवर विचार करा. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, एवढं तुम्हाला कळतं."

कळत होतं. पण सगळ्याच माशांना ते कळलं तर पाणी कधी ढवळायचंच नाही, असं काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं आणि ती जिना उतरून तळमजल्यावर गेली.

जावककाका खुर्चीत ताठ बसले होते. समोरच्या कीबोर्डवर त्यांनी स्वच्छ धुतलेला नॅपकिन पसरून ठेवला होता. त्यांची पद्धत साऱ्या कार्यालयाला पाठ होती: काहीही आलं की आवक क्रमांक, काहीही गेलं की जावक क्रमांक, मग ते कागदावरचं असो की संगणकावरचं. नऊ दिवसांपूर्वी साहेबांच्या पत्त्यावरून 'सोबतचे परिपत्रक सर्व शाळांना तात्काळ पाठवावे' अशी मेल आली आणि काकांनी अकरा मिनिटांत ती त्रेचाळीस शाळांना रवाना केली. अर्थात रजिस्टरात नोंदवून. व्हायरसलाही आमच्याकडे जावक क्रमांक मिळतो, हा विनोद दुसऱ्याच दिवशी चारही मजल्यांवर फिरला. तीसुद्धा हसली होती.

"साहेबांचं 'तात्काळ' आलं की मी हातातला घास खाली ठेवतो हो," काका म्हणाले. "बाई, खरं सांगा. चूक माझी का?"

"नाही."

"सगळे नाहीच म्हणतात. पण आता साधं पाकीट दिलं तरी दोनदा विचारतात, काका, बघून पाठवताय ना?"

ती शेजारच्या स्टुलावर बसली.

"मी तेव्हाच साहेबांना सांगितलं होतं की हे धोक्याचं आहे. चांगला वाद घातला होता. उद्या त्या बैठकीची नोंदच समितीपुढे ठेवते."

"तुम्ही बोलला होतात ना? मग झालं," काका म्हणाले, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी पाठ खुर्चीला टेकवली.

घरी गेल्यावर आईलाही तिने हेच सांगितलं. आईने भांडी पुसता पुसता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग घाबरतेस कशाला? कर नाही त्याला डर कशाला." ती पोटभर जेवली आणि गाढ झोपली.

सकाळी आठला, कार्यालयात अजून कोणी नसताना, तिने आठ महिन्यांपूर्वीच्या त्या बैठकीची नोंद उघडली.

'साहेब: स्वतःची मेल बघायची तर दर वेळी फोन शोधा, आकडा शोधा. मी इथला प्रमुख आहे की पाहुणा? (हशा) माझ्यापुरतं ते बंद करा.'

'तंत्रप्रमुख: बरं साहेब. आजच करते.'

त्याखाली पुढचा विषय सुरू झाला होता. शाळांच्या छतांची दुरुस्ती.

यंत्राने मधलं काहीतरी गाळलं असणार, असं तिला वाटलं. तिने ध्वनिमुद्रण लावलं. साहेबांचा आवाज, सगळ्यांचा हशा, आणि त्या हशात तिचा स्वतःचा, चांगला खणखणीत. मग "बरं साहेब. आजच करते." 'आजच' कोणी मागितलंही नव्हतं. ते तिने पदरचं घातलं होतं.

तिने तो तुकडा चार वेळा ऐकला. वाद तिने घातला होता हे खरं, पण तो त्या संध्याकाळी घरी जाताना, मनातल्या मनात. काय बोलायला हवं होतं, मग साहेब काय म्हणाले असते, मग आपण काय सुनावलं असतं. पुढे कितीतरी दिवस ती ते घोळवत राहिली आणि हळूहळू ते घडून गेल्यासारखंच तिच्या लक्षात राहिलं. आपलीच लाज वाटून तिचे कान गरम झाले. खाली एक म्हातारा माणूस त्या न घातलेल्या वादाच्या भरवशावर पाठ टेकून बसला होता.

पावणेदहाला साहेबांचा फोन आला.

"मीही काल वाचली नोंद," ते म्हणाले. आवाजात काकवीचा गोडवा. "आपण दोघंही आहोत त्यात. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. सही करून टाका, मी विषय संपवतो."

"साहेब, मूठ काकांच्या पाठीवर झाकायची, असंच ना?"

तिने उत्तराची वाट न बघता फोन ठेवला आणि प्रिंटरचं बटण दाबलं.

समितीत पाच जण होते. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका. कागद तपासताना अजूनही हातात लाल पेन धरायच्या. साहेबांनी अहवाल वाचून दाखवला. भिंतीवरच्या पडद्यावर चिटणीस ओळीमागून ओळ टिपत होता.

"इथे तंत्रप्रमुखांची सही दिसत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मी केली नाही. त्यात दिलेलं कारण खोटं आहे." ती उभी राहिली आणि छापील नोंदीतलं साहेबांचं वाक्य तिने वाचून दाखवलं.

कोणीतरी घसा खाकरला. साहेब पडद्याकडे वळून म्हणाले, "चिटणीस, नोंद थांबव."

"चालू ठेवा," अध्यक्षबाई म्हणाल्या. मग तिच्याकडे बघून, "आणि तुम्ही त्यावर काय म्हणालात?"

इथे थांबता आलं असतं. 'मी नाराजी दाखवली' एवढं जरी म्हटलं असतं तरी कोणी कागद हिसकावून घेणार नव्हतं.

"वाचते," ती म्हणाली. "'बरं साहेब. आजच करते.' हे माझं वाक्य. साहेबांनी सांगितलं, आणि बंद मी केलं. तोंडातून ब्र काढला नाही. उलट हसले. काकांनी साहेबांच्या पत्त्यावरून आलेला साहेबांचा आदेश पाळला. त्याला निष्काळजीपणा म्हणायचं असेल तर आपल्या त्रेचाळीस शाळांत आपण दुसरं काय शिकवतो?"

दुपारी एकला समिती उठली. अहवाल परत पाठवला होता. अध्यक्षबाईंनी 'आवक-जावक विभागातील कर्मचाऱ्याने' हे शब्द लाल पेनाने खोडले होते आणि चौकशी दोघांचीही होणार होती, तिची आणि साहेबांची. पण चौकशी होईपर्यंत साहेब साहेबच होते.

ती थेट तळमजल्यावर गेली. काकांना बातमी आधीच पोचली होती.

"माझं नाव काढलं म्हणे."

"काढलं. काका, मी काल तुम्हाला वाद घातल्याचं सांगितलं. तसं काही झालं नव्हतं. मी फक्त बरं म्हणाले होते."

काकांनी कीबोर्डवरचा नॅपकिन ओढून सरळ केला. बाहेर व्हरांड्यात कोणीतरी कपाट ओढत होतं.

"मीही एकतीस वर्षं बरंच म्हणत आलोय," ते म्हणाले. "दर वेळी क्रमांक टाकून."

तेवढ्यात त्यांच्या संगणकावर एक मेल आली. साहेबांच्या पत्त्यावरून. काकांनी नॅपकिनची घडी घालून बाजूला ठेवली आणि वाचलं: तंत्रप्रमुखांना चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावरून दूर करण्यात येत आहे, सोबतचा आदेश त्यांना तात्काळ बजावावा.

"पाठवा काका. मी इथेच आहे, हातातच द्या," ती म्हणाली. "आदेश खरा आहे. त्यांच्या खात्याला तो फोनवरचा आकडा मी आता परत लावलाय."

"तुम्ही म्हणता म्हणून? तुम्ही तर कामावरून दूर."

त्यांनी फोन उचलला आणि वरच्या मजल्याचा क्रमांक फिरवला.

"साहेब, जावक बोलतोय. आपल्या पत्त्यावरून एक आदेश आलाय. तो आपणच पाठवलाय ना, याची खातरजमा हवी होती... हो, आपण म्हणताय ते ऐकू येतंय. पण फोनवर नाही चालणार साहेब. हल्ली आवाजाचीही हुबेहूब नक्कल होते म्हणे, एआयने... नाही, शिपायाबरोबर चिठ्ठीही नको. आपल्यालाच खाली यावं लागेल, आणि माझ्यासमोर रजिस्टरात सही करावी लागेल. बाईंना कामावरून मी काढतोय, असं लिहून." ते क्षणभर थांबले. पलीकडून चढलेला आवाज तिलाही ऐकू येत होता. "घाई नाही साहेब. मी साडेपाचपर्यंत आहे."

त्यांनी फोन ठेवला, रजिस्टर उघडलं आणि आतलं पान तळहाताने सपाट केलं. मग तिच्यासाठी दुसरी खुर्ची टेबलाच्या स्वतःच्या बाजूला ओढून घेतली.