कळपातली म्हातारी

"फायदा, फायदा! ह्यो शबुद ऐकला की मी आधी माझा बटवा चाचपते," फिलोमीन म्हणाली आणि व्हर्डेलनं आणलेली बायसनच्या मटणाची पिशवी तिनं टेबलावरून त्याच्याकडंच परत सरकवली.

व्हर्डेल तिच्या भावाचा मुलगा. त्यांच्या आदिवासी जमातीच्या बायसनांचा, म्हणजे केसाळ रानगव्यांचा, कळप तो सांभाळायचा. कळप वाढला होता आणि त्याला कुंपणासाठी तिची ओढ्याकाठची जमीन हवी होती. तिथं आजवर एका गोऱ्या शेतकऱ्याची गुरं भाड्यानं चरत होती.

"आत्ती, ह्यात चरबी लई कमी. तुझ्या साखरंला बरं. आन ही जनावरं बर्फातबी आपली आपण चरत्यात. गोठा नको, दाना नको."

"सरकारी वाटपाचे खान्याचे डबे आले तवाबी सायेब असंच ग्वाड बोलले हुते. ते खाऊन खाऊन साखर वाढली आन माझ्या मालकाचा पाय कापायची पाळी आली."

पोरगं गोड बोलून जमीन लाटणार, याची तिला खात्रीच होती. तरी शनिवारी तो मटणासाठी कळपातलं एक जनावर मारायला निघाला, तेव्हा ती आधीच त्याच्या गाडीत जाऊन बसली होती. डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती कुणावर विश्वास ठेवत नसे.

माळावर गुडघाभर बर्फ होतं. कळपाच्या पुढं एका शिंगाची म्हातारी मादी डोक्यानं बर्फ सारत वाट काढत होती. ती थांबली की मागची सत्तर जनावरं थांबत.

"हिलाच मारनार तू," फिलोमीन म्हणाली. "आता वासरू देत नसंल. बिनकामाची."

"तिला? गवत कुठं दडलंय ते तिलाच ठावं. ती गेली तर ही समदी उपाशी फिरतील."

फिलोमीनची नजर त्याच्या बंदुकीवरून हलली नाही. व्हर्डेलनं जनावराचे आभार म्हणून बर्फावर चिमूटभर तंबाखू ठेवली, दोन शब्द पुटपुटला आणि एक तरणा नर पाडला. लगेच सगळा कळप माघारी वळून त्याच्याभोवती गोळा झाला आणि त्याला हुंगू लागला. मटण न्यायला मागून आलेल्या माणसांपैकी कुणीतरी ट्रक चालू केला, तसा व्हर्डेलनं हात वर केला.

"थांबा. त्येंचं हुंदे."

अर्धा तास माणसं टोप्या हातात घेऊन उभी राहिली. कान लाल झाले, पण कुणी हललं नाही. म्हातारी निघाली, तेव्हाच कळप निघाला. फिलोमीनला रडू फुटलं. मालक गेला तेव्हा दवाखान्यात तिला एवढाही वेळ मिळाला नव्हता.

जनावर फाडल्यावर पहिला मान थोरांचा. व्हर्डेलनं गरम काळजाचा तुकडा तिच्या पुढं धरला. तिनं वास घेतला, उलटासुलटा करून पाहिला, मग खाल्ला.

"कसं हाय, आत्ती?"

"अजून मेले तर न्हाई."

परतताना तिनं ओढ्याकाठी गाडी थांबवायला लावली. मग म्हणाली, "कुंपनाचं फाटक वढ्याकडनं ठेव. म्हातारीला पान्याला लांब जायला नको."

व्हर्डेल हसला, तसं तिनं बोट रोखलं.

"दात काढू नगंस. दर म्हैन्याला येऊन बघनार मी. तिला मारलीस असं कळलं, तर त्याच दिवशी कुंपन उपटायचं आन माझी जमीन सोडायची."