तोकुजीकाकांचं पातळ सूप

आमच्या वाडीत बरीचशी कामं घराघरात पाळीनं येतात. देवळाचं अंगण झाडायचं, पाटातला गाळ उपसायचा, बर्फ पडला की वळणापर्यंतचा रस्ता मोकळा करायचा. आरोग्य-मदतनिसाचं कामही तसंच पाळीनं यायचं, फक्त ते बायकांचं. ज्या घराची पाळी असेल त्या घरच्या बाईनं सरकारी आरोग्यसेविकेच्या बैठकांना जायचं आणि तिथं शिकलेलं वाडीत सगळ्यांना सांगायचं. मी इथं सून म्हणून आले त्या वर्षी पाळी आली मोमोसेंच्या घराची, आणि मोमोसेंच्या घरात नेमकी बाईच नव्हती.

म्हणजे होती. पण फुसाएकाकूंच्या लेकीला नागोयात जुळं झालं होतं आणि काकू बोचकं बांधून तिकडं गेल्या त्या बर्फ वितळेपर्यंत काही येणार नव्हत्या. घरात उरले एकटे तोकुजीकाका. खोऱ्यातली बस चालवून निवृत्त झालेले, सरळ, जरा हट्टी.

"पाळी घराची असते, बाईची नसते," माझ्या सासूबाई म्हणाल्या. कियो त्यांचं नाव. वयानं आणि आवाजानं वाडीत त्याच सगळ्यांत मोठ्या. "घरात जो आहे तो जाईल. अन् या वर्षी म्हणे मीठ कमी करायचं शिकवणार आहेत. तोकुजीच बरा. दारात आला की चहा पाजायचा आणि परत पाठवायचा."

त्यांचं म्हणणं खरंच होतं. तोकुजीकाका समोर आलेल्या कुठल्याही ताटलीवर चव घेण्याआधी सोया सॉसची धार धरत. खारवलेल्या पाल्याच्या लोणच्यावरसुद्धा. अशा माणसानं मिठाविरुद्ध बोलायचं म्हणजे वाडीला फुकटचा तमाशा होता.

पहिल्या बैठकीला प्रत्येकीनं घरचं मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याचं सूप बाटलीतून आणायचं होतं. काका बायकांच्या घोळक्यात, मांडीवर टोपी ठेवून ताठ बसले होते. आरोग्यसेविका करासावाबाई वयानं त्यांच्या लेकीएवढी. तिच्याजवळ खारटपणा मोजायचं यंत्र होतं, पेनसारखी दांडी सुपात बुडवायची की वर आकडा येई. काकांच्या सुपात तिनं दांडी बुडवली, आकडा बघितला, दांडी पुसली, परत बुडवली. मग शेजारणीच्या सुपात बुडवून यंत्र बिघडलं नाही ना ते पाहिलं.

"मोमोसेसान, हे तुम्ही पिता?"

"सकाळी दोन वाट्या."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळीपण दोनच."

बायका तोंडाला पदर लावावा तसे हात लावून हसल्या. करासावाबाईही हसली. मग तिनं सगळ्यांचा रक्तदाब मोजला आणि काकांचा मोजताना तिचं हसू गेलं. तिनं हळूच विचारलं, "वडील कशानं गेले तुमचे?"

"लागलं त्यांना."

आमच्याकडं मेंदूचा झटका आला की नुसतं 'लागलं' म्हणत. अमक्याला लागलं, तमक्याला लागलं, जसा काही डोंगरावरून सुटलेला दगड.

"घरात आणखी कुणाला?"

"थोरल्या भावाला. गेला तेव्हा तो माझ्याएवढाच होता," काका म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. हे त्यांच्या ध्यानात आजवर आलंच नव्हतं.

त्या दिवशी घरी जाऊन काकांनी सोया सॉसची बाटली माळ्यावर चढवली. आयुष्यभर त्यांनी बस नियमानं चालवली होती, आता तसंच स्वतःलाही चालवायचं ठरवलं. पहिले काही आठवडे फार वाईट गेले. मी एकदा भाजी द्यायला गेले तर काका वाटीकडे नुसते बघत बसले होते.

"काय झालं काका?"

"ओला पुठ्ठा खातोय," ते म्हणाले. "पण जिवंत आहे."

करासावाबाईनं सांगितलं होतं तसं ते करत. वाटीत रस्सा कमी, भाज्या जास्त. वाळवलेल्या मासळीचा आणि अळंब्यांचा दाट अर्क. सोया सॉस वरून ओतायचा नाही, बशीत थेंबभर घेऊन घास टेकवायचा. एकट्यानं स्वयंपाक करताना बोटं कापून घेत, भात करपवत. मग एके दिवशी पाटाच्या कडेला भाज्या धूत होते, मला हाक मारून म्हणाले, "अगं, मुळा गोड असतो. तुला माहीत होतं?"

"हो की."

"मला कुणी सांगितलंच नाही," काका म्हणाले. मोठी फसवणूक उघडकीला आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

इथवर ठीक होतं. पण स्वतः सुधारलेला माणूस गप्प बसत नाही. काका करासावाबाईकडून यंत्र मागून घेऊन घरोघर फिरायला लागले. बायका त्यांना सूप देत, दांडी बुडे, आकडा अगदी शहाण्यासारखा येई. प्रत्येक घरी तेच. काकांना आनंद व्हायला हवा होता, पण त्यांनी इतकी वर्षं बसमध्ये अर्ध्या तिकिटाची पोरं पाहिली होती. शाळेत जाणारं पोर आईच्या मांडीवर चढून तान्हं होतं, हे त्यांना पाठ होतं.

तेव्हा ते एकदा न सांगता, अगदी न्याहारीच्या वेळेला आमच्या दारात उभे राहिले. मी चुलीशी होते. आमच्याकडं दोन पातेली असत, एक पुढं, एक मागं. पुढचं काकांसाठी. सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की पुढच्या पातेल्यात मिसो नुसता दाखवायचा.

"या या," सासूबाई म्हणाल्या. "घाल ग त्याला सूप."

मी पुढच्या पातेल्यात पळी घातली.

"ते नको. मागचं," काका म्हणाले.

"मागचं कालचं आहे."

"वाफ येतीय त्याच्यातनं."

सासूबाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. "तोकुजी, तुझं नाक गळायचं आणि तू ते बाहीला पुसायचास, तेव्हापासून मी तुला ओळखते. तू माझ्या पातेल्यात काठी घालणार?"

"माझ्यासाठी नाही वहिनी. सरकारच्या कामासाठी."

"सरकारला माझं सूप प्यायचं असेल तर सरकारनं यावं."

काका उभेच राहिले. सासूबाई बसून राहिल्या. मी पळी हातात धरून मधे. शेवटी काकांनी वाकून नमस्कार केला आणि निघून गेले. त्यानंतर वाडीत त्यांची सायकल वळणावर दिसली की घराघरात किटलीतलं गरम पाणी सुपात पडायचं. दिवसाकाठी एक वेळ तरी सगळी वाडी पातळ सूप प्यायला लागली, कारण एकदा घातलेलं पाणी काढता येत नाही. काकांना हे कळलं की नाही, देव जाणे. ते मात्र वेळा बदलून बदलून यायला लागले.

थंडीच्या तोंडावर पाल्याचं लोणचं घालायची घाई सुटली. सगळ्या घरांनी पिंपं भरली. काकांनीही भरलं, एकट्यानं, थंडगार पाण्यात हात घालून पाला धुतला आणि नेहमीच्या निम्मं मीठ घातलं. सासूबाई कुंपणावरून बघत होत्या. "आंबेल ते," त्या म्हणाल्या. काकांनी वर दगड ठेवला.

बर्फ वितळायला लागल्यावर फुसाएकाकू परतल्या. काकूंनी आल्या आल्या कमरेला अॅप्रन बांधला. नवरा वाळलाय, एकट्यानं हाल झालेत, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांनी आपलं नेहमीचं सूप केलं, नवऱ्याचं आवडतं, गडद, आणि समोर ठेवलं.

काकांनी एक घोट घेतला. थांबले. मग उठून किटली आणली आणि काकूंच्या डोळ्यांदेखत वाटीत गरम पाणी ओतलं.

काकू उठल्या. चपला घातल्या आणि आमच्याकडं आल्या. खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या पांघरुणात पाय घालून बसल्या.

"पाणी घातलं," त्या म्हणाल्या. "माझ्या सुपात. लग्न झाल्यापासून रोज दुसरी वाटी मागून घेणारा माणूस. मी गेले म्हणून बदललं का सगळं?"

"डोक्यावर परिणाम झालाय त्याच्या," सासूबाईंनी लोणच्याची बशी पुढं सरकवली. "माझ्या पातेल्यापर्यंत आला होता."

मी मधे बोलायला नको होतं, पण बोलले. करासावाबाईनं काय विचारलं, भावाचं वय काय निघालं, ते सगळं सांगितलं. काकूंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, काकांनी पत्रात एवढंच लिहिलं होतं की सर्व ठीक.

काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे मी इतकी वर्षं त्याला रोज थोडं थोडं मारत होते, असं म्हणतो का तो?"

"तसं नाही म्हणाले ते."

"पाणी घातलं म्हणजे तसंच म्हणाला." आणि उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी भात वाढला, मासा वाढला, आणि वाटीत नुसतं गरम पाणी वाढलं. "घ्या तुमचं सूप."

काकांनी वाटी दोन्ही हातांनी उचलली, चव घेतली, आणि म्हणाले, "थोडं मीठ हवं होतं."

हे काकूंनी स्वतःच आम्हाला सांगितलं. सांगताना त्यांना राग आलेला होता, पण वाक्य पुरं होईतो हसू फुटलं, आणि आम्ही तिघीही शेगडीशी हसून हसून आडव्या झालो. तरी घरी त्या बोलत नव्हत्याच.

मग पिंप उघडलं. काकूंनी दगड बाजूला केला आणि वास थेट आमच्या ओसरीपर्यंत आला. पाला पिवळा पडला होता, वरती पांढरी साय धरलेली. सासूबाई कुंपणाशी धावत गेल्या. इतकं आनंदी मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं. काका पिंपापाशी मान खाली घालून उभे होते.

"ओतून देतो," ते म्हणाले.

"हात कशानं फुटलेत तुमचे?" काकूंनी विचारलं.

"पाला धुताना फुटले ते भरलेच नाहीत. पाणी गार होतं."

काकूंनी पिंपात हात घालून एक पान काढलं, चाखलं, थुंकलं, दुसरं आतलं काढलं. "ओतायचं नाही," त्या म्हणाल्या. "आंबलंय, सडलेलं नाही. घ्या, धरा ती टोपली."

दोघांनी मिळून पाला परत धुतला, पिळला, बारीक चिरला. काकूंनी तो तेलावर मिरची घालून परतला, चिमूटभर साखर आणि कुटलेले अक्रोड घातले. पिठाच्या पारीत भरून त्याचे गोळे शेकले, वाफवले. आम्ही याला ओयाकी म्हणतो, प्रत्येक घरी होतात, पण त्या आंबट पाल्याला जी चव होती ती कुणाच्याच घरच्याला नव्हती.

पुढच्या बैठकीला काकू गेल्या, पाळी खरी त्यांचीच होती. काकाही मागोमाग यंत्र घेऊन गेले, कारण यंत्र सोडायला ते तयार नव्हते. करासावाबाईनं दोघांची नावं लिहून घेतली. काकूंनी ओयाकीची टोपली मधे ठेवली. सासूबाई मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी एक खाल्ला, दुसरा घेतला, तिसरा हातात घेऊन म्हणाल्या, "फुसाए, तुझ्या हाताला खरी चव आहे. मीठ कसं अगदी बरोबर पडलंय."

काका काही बोलणार होते. काकूंनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

"कृती देते तुम्हाला, वहिनी," काकू म्हणाल्या. "पाला जरा आंबायला लागतो मात्र. मीठ हात राखून घालायचं."

तिथून पुढं कामाची वाटणी झाली. काकू शिकवत, काका मोजत. काकू कुणाच्या पातेल्यात डोकावत नसत, नुसतं काहीतरी करून खायला नेत आणि बायका आपण होऊन विचारत. काकांचा रक्तदाब हळूहळू उतरला. आमच्या घरी दोन पातेली चालूच होती, पण सासूबाई कोणत्या पातेल्यातलं सूप घेतात ते मी बघायचं सोडून दिलं, कारण त्यांनाही ते आता नक्की सांगता येत नसावं.

मोमोसेंच्या घरी मी परवाच गेले होते. दोघं जेवत होते. काकांनी सुपाचा घोट घेतला.

"जरा खारट आहे आज."

"मला तर बेचव लागतंय," काकू म्हणाल्या.

दोघांनी आपापली वाटी संपवली. मग काकांनी आपली वाटी पुढं केली आणि काकूंनी न विचारता दुसऱ्यांदा सूप वाढलं, अर्धीच वाटी.