फवारणीचा शर्ट

वर्षभराच्या गब्ब्या कुत्र्याचे पोटावरचे केस झडून लाल चट्टे पडले, तेव्हा पितांबरने बायकोलाच, द्रौपदाला, धारेवर धरलं. "तू त्याला खारट भाजी घालतेस."

चोपडा गावच्या जनावरांच्या डॉक्टरांनी कुत्र्याला तपासलं आणि विचारलं, "हा झोपतो कुठे?"

घरी आल्याआल्या गब्ब्या गोठ्यात पळाला. पितांबर मागोमाग गेला. कपाशीवर औषध फवारताना घालायचा शर्ट त्यानेच न धुता कोपऱ्यात फेकला होता. गब्ब्या त्यावर पोट टेकून निजला.

"तुम्ही शेतात गेलात की तुमचा वास शोधत इथंच येतो," द्रौपदा म्हणाली. "आता विचारा, मीठ किती घातलं."

पितांबरने शर्ट ओढून उंच खुंटीला अडकवला. गब्ब्या खुंटीखाली बसला आणि शर्टाकडे बघत शेपूट हलवत राहिला.