कोकिळेचा मीटर

लायसन्सवरच्या फोटोत मी पोलिसांना हवी असलेली बाई दिसते. दिसू दे. ते हातात पडून आठ दिवस झालेत आणि या आठ दिवसांत मी गावात एक पाऊल पायी टाकलेलं नाही. कोपऱ्यावरून काडेपेटी आणायची तरी मी मोटरसायकल काढते. आई म्हणते, "उद्या मोरीतही गाडीवरूनच जा." मोरीत वळायला जागा नाही, नाहीतर विचार केला असता.

गाडी आत्याची. आत्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. लसींची पेटी मागे बांधून ती वस्त्यावस्त्यांवर फिरते. गाडीचं नाव कोकिळा, कारण तिचा आवाज ऐकला की वासरं दावं तोडून पळतात. गेल्या वर्षी एका खड्ड्यात तिचं पुढचं चाक वाकलं, तेव्हा पंक्चरवाल्या काकांनी कुठलंसं दुसरं चाक बसवून दिलं. तेव्हापासून ती नाक खाली घालून चालते. बघणाऱ्याला वाटतं, बिचारीचं काहीतरी पडलंय आणि ती शोधतेय.

आमच्या गावात हरवण्याइतकं सामानच नाही. एक रस्ता. त्यावर लाकडाची वखार, शिंपी, सलून, दवाखाना (गुरांचा, माणसांनी बाजारगावापर्यंत तग धरायचा). मग रस्त्यालाही कंटाळा येतो आणि तो डोंगर चढून पलीकडच्या बाजारगावाला निघून जातो. या टोकाला आमची शाळा. तिचं समोरचं फाटक असं दणकट की आत राजवाडा असावा. पण सहा वर्षांपूर्वी फाटकाला लागून गटार खणलं, वर स्लॅब टाकायचा राहिला, तो राहिलाच. आम्ही सगळे तळ्याला वळसा घालून मागच्या फाटकाने आत जातो. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, स्लॅबसाठी तेरा अर्ज केले. समोरच्या फाटकाचा उपयोग एकच, निरोप समारंभाचा फोटो.

तर या शाळेला पत्र आलं. मुलं कमी आहेत, आणि दुसरी शाळा आठ किलोमीटरच्या आत असेल तर ही बंद करून मुलांना तिकडे पाठवायचं. अंतर रस्त्याने मोजायचं, फाटकापासून फाटकापर्यंत. साहेब येत्या गुरुवारी येऊन मोजणार.

माझं काय, मी कोकिळेवरून कुठेही जाईन. पण आमच्या वर्गात नऊ मुली आणि त्यातल्या पाचजणींच्या घरी डोंगरापलीकडे पाठवणार नाहीत. माझ्या बाकावरच्या हुशारीच्या वडिलांनी तर सांगूनच टाकलं, पलीकडे नाही म्हणजे नाही. हुशारी म्हणजे माझी जिवलग. गणितात तिला कधी शंभरपेक्षा कमी पडले तर पेपर तपासणाऱ्याची चौकशी होते. आणि शेवटच्या परीक्षेला चार महिने उरलेले.

बाईंनी मला बोलावलं. "तू दिवसभर उंडारतेसच. जरा कामाचं उंडार. आजूबाजूचा सगळा नकाशा काढ, अंतरं टाकून. साहेबांपुढे काहीतरी ठेवायला हवं."

आयुष्यात पहिल्यांदा मला उंडारण्याची अधिकृत परवानगी मिळाली.

रविवारी मी गाव पालथं घातलं. दगडाची खाण पाहिली. तिथे मुकादम एका पाटीखाली झोपला होता आणि पाटीवर लिहिलं होतं 'सावधान'. कौलांचा बंद कारखाना पाहिला. त्याच्या धुराड्यातून आता झाड उगवलंय, अगदी ऐटीत, जणू कारखाना झाडंच बनवायचा. तीन घरांच्या एका वस्तीवर एक आजोबा चप्पल शिवत बसले होते.

"आजोबा, पुढे काय आहे?"

"तुझ्यासारखीच एक गेली होती मागे विचारून."

"मग?"

"परत आली की तुला सांगतो."

पुढे काय होतं ते मला कळलं. मधमाश्या होत्या. हेल्मेटचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

शेवटी मुख्य काम. सुरुवात थाटात व्हावी म्हणून समोरच्या फाटकापुढून, शाळेच्या पाटीखालून निघाले. डोंगर, अकरा वळणं, घसरडा उतार, बाजारगाव, तिथल्या शाळेचं फाटक. मीटरवर आठ पूर्णांक तीन! मी तिथल्या वॉचमनसमोर नाचले. त्याने मला पाणी दिलं आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं.

संध्याकाळपर्यंत आकडा गावभर झाला, कारण मी तो ओरडतच आले. सलूनवाल्याने आरशावर साबणाने 'आठ तीन' लिहिलं आणि पुसायचं नाही अशी ताकीद दिली, त्यामुळे गिऱ्हाइकांना आपला फक्त उजवा गाल दिसत होता. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बाईंचा हात आमच्या पाठीवर एरवी वेगळ्या वेगाने येतो.

मंगळवारी मी हवा भरायला पंक्चरवाल्या काकांकडे गेले.

"पुढे जास्त हवा नको हं," काका म्हणाले. "चाक लहान आहे."

"लहान म्हणजे?"

"म्हणजे लहान! याच्या मापाचं नव्हतं. एक इंच कमीचं होतं, ते बसवलं. बसलं की नाही झकास?"

"काका, मीटर पुढच्या चाकावर चालतो ना?"

"मग? लहान चाक जास्त फिरतं. मीटर खूश, आपण खूश!"

मी खूश नव्हते. मी तडक मैदानावर गेले. तिथे खेळाच्या सरांनी टेपने मोजून चुन्याची शंभर मीटरची रेघ आखलेली आहे. हुशारीला मागे बसवून वीस फेऱ्या मारल्या. व्हायला हवे होते दोन किलोमीटर. कोकिळा म्हणाली, दोन पूर्णांक एक.

हुशारीने चुन्यातच बसून भागाकार केला. "सात पूर्णांक नऊ," ती म्हणाली. मग परत केला. तिचं गणित दुसऱ्यांदा कधी वेगळं येत नाही, तरी केला.

"कोणाला सांगायचं नाही," मी म्हणाले. "आठ तीन म्हणजे आठ तीन. आरशावर लिहिलंय."

"साहेबांच्या जीपला चारही चाकं सारखी असतील गं," ती म्हणाली आणि ओढणीने हाताचा चुना पुसत बसली, तो कधीच गेला होता तरी.

बाईंना सांगितलं. सलूनमध्ये जाऊन सांगितलं. न्हाव्याने आरसा पुसला, पण असा, की माझंच तोंड पुसतोय. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे मी वर्षभर वाटत होतं त्यापेक्षा कमी फिरले? आणि कंबर मात्र पूर्ण दुखते ती?"

गुरुवारी साहेब आले. बाजारगावच्या शाळेपासून मोजत आले आणि जीप समोरच्या फाटकापुढे थांबली. मी तिथेच कोकिळेवर बसून होते. मान लांब करून जीपच्या मीटरमध्ये डोकावले. सात नऊ. हुशारीचं गणित, दुसरं काय येणार?

"सात पूर्णांक नऊ," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, आवाजात जरा ओशाळलेपण होतं. "मुख्याध्यापिकांची सही घेतो."

बाई पायरीवर उभ्या होत्या. "या साहेब! पण तिथून नको, मागून या!"

साहेबांनी गटाराकडे पाहिलं. गटाराने त्यांच्या पॉलिश केलेल्या बुटांकडे पाहिलं. साहेब परत जीपमध्ये बसले.

वाट दाखवायला मी पुढे, जीप मागे. तळ्याच्या अर्ध्या वळशावर माझ्या डोक्यात असा काही उजेड पडला की मी जवळजवळ तळ्यातच गेले. मागच्या फाटकाशी पोचले, गाडी आडवी लावली आणि ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर केला.

"साहेब, थांबा! आता मीटर बघा."

त्यांनी बघितलं. "आठ दोन. पण शाळेचं फाटक ते समोरचं."

"तिथून आत येऊन दाखवा."

"अगं पण..."

"सहा वर्षांत तिथून फक्त एक बोकड आत गेलाय, साहेब. तोही अर्धाच. दोरीने काढला."

"याला पुरावा काय? उद्या वरचे मला विचारतील."

बाई मागच्या व्हरांड्यात पोचल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं, आत गेल्या आणि फाइल घेऊन आल्या. तेरा अर्ज. 'समोरच्या फाटकाने ये-जा करता येत नाही, मुलांना तळ्याकडून यावे लागते.' प्रत्येकावर तारीख, प्रत्येकावर 'मिळाला' असा सरकारी शिक्का. तेरा वेळा मिळाला होता आणि तेरा वेळा कोणी काही केलं नव्हतं.

साहेब एकेक अर्ज उलटत गेले. नवव्याला त्यांना हसू आवरेना. "बाई, इतका भक्कम पुरावा मी नोकरीत पाहिला नाही," ते म्हणाले, आणि रजिस्टरात, सगळ्यांच्या देखत, आठ पूर्णांक दोन लिहिलं.

वर्गाच्या खिडकीतून हुशारी बघत होती. मी आधी आठ, मग दोन बोटं दाखवली. तिने आधी हिशेब तपासल्यासारखा चेहरा केला आणि मग इतक्या जोरात शिट्टी मारली की बाईंनी वळून पाहिलं. पाहिलं फक्त.

पुढच्या आठवड्यात समोरच्या फाटकाशी ट्रॅक्टर येऊन थांबला. साहेबांनी जाता जाता कोणाला तरी झापलं असावं. मागे ट्रॉलीत नवाकोरा स्लॅब, दोन माणसं, सिमेंट. बाई हातात खडू तसाच घेऊन धावत आल्या.

"परत न्या!"

"अहो बाई, तेरा अर्ज केलेत तुम्ही!"

"चौदावा देते. थांबा."

तो त्यांनी तिथेच फाटकाच्या खांबावर कागद ठेवून लिहिला. गटार आहे तसे बरे आहे, मुलांना तळ्याकडची हवा मानवते. पोचवायला मी आणि हुशारी निघालो. अर्ज घेणाऱ्या ऑफिसशी पोचल्यावर ती मीटरवर वाकली.

"दोन एक," मी म्हणाले.

"दोन," ती म्हणाली आणि खाली उतरली.