तीन नंबरच्या खोलीची कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. एरंडोलमधल्या एका पाच खोल्यांच्या गेस्ट हाऊसात, माडीवरच्या तीन नंबरच्या दाराला मी चाळीसएक वर्षं चिकटून आहे. बाहेरून पाहाल तर मी एक गोल कडं, आणि आतून पाहाल तर एक पट्टी. पट्टी खाचेत पडली की दार बंद, उचलली की उघडं. कडं बाहेरच्याने वाजवायचं, पट्टी मात्र आतल्यानेच उचलायची. अशी दोन तोंडं असल्यामुळे मला दोन्हीकडचं कळतं. काही गोष्टी कळल्या नसत्या तर बरं झालं असतं, असंही वाटतं.

माझा जन्म कौतिक लोहाराच्या भात्यापुढे झाला. मोडक्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव कापून त्याने मला घडवलं. चाकावर होते तेव्हा मी गावोगाव जायचे. दारावर आले तशी गावंच माझ्याकडे येऊ लागली.

गेस्ट हाऊसचे मालक धनसिंग आबा आणि त्यांची बायको तानुबाई. पद्मालयाच्या गणपतीला आलेले भाविक, बियाण्यांचे विक्रेते, परीक्षेच्या कामावर आलेले मास्तर, असे सगळे उतरायचे. मोठ्या लॉजमध्ये खोली मिळते. आमच्याकडे खोलीबरोबर चौकशीही मिळायची, आणि तीही न मागता. "कोन गावना शेतस, भाऊ?" हा तानुबाईचा पहिला प्रश्न. पाहुण्याने धुळे म्हटलं की गल्ली कितवी, हा दुसरा. तिसऱ्या चहापर्यंत कुठलं तरी नातं निघायचंच. शेवभाजी खाऊन पाहुण्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं की ती समाधानाने म्हणायची, आता पोट भरलं. मी वर टांगलेली असूनही मला ते घर वाटायचं.

पण त्या घरात एक चूक झाली. ती दुष्टपणाची नव्हती, मायेचीच होती. आमच्याकडे झोपलेल्या पाहुण्याला उठवत नाहीत. त्याला हाक मारणं म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठवणं, असं मानतात.

एकतीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात भाईदास नावाचे एक गृहस्थ मुलीसाठी स्थळ बघायला आले होते. भर बाराच्या उन्हात ते स्टँडवरून चालत आले, खोलीत शिरले आणि पट्टी पाडून आडवे झाले. तीन वाजले तरी हालचाल दिसेना, तेव्हा तानुबाई पाणी घेऊन निघाली. आबा म्हणाले, "पाहुना थकेल शे. झोपू दे त्याले."

त्याच वेळी आत भाईदास दारापर्यंत आले होते, हे फक्त मला ठाऊक आहे. त्यांच्या थरथरत्या बोटांनी पट्टी धरली. आवाज फुटेना इतका घसा सुकलेला. "पानी," असं ते म्हणाले, पण दाराबाहेर ते गेलं नाही. आणि मित्रांनो, मी उचलली गेले नाही. माझ्या खिळ्यात गंज बसला होता. धडधाकट माणसाने हिसका दिला असता तर मी सुटले असते, पण त्या हातात हिसका उरला नव्हता. थेंबभर तेलाची गोष्ट होती. संध्याकाळी दार फोडलं, तेव्हा ते दाराशीच पडलेले होते.

आबा महिनाभर नीट जेवले नाहीत. मग त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला. उन्हाळ्यात रोज दुपारी दोनला ते प्रत्येक दाराची कडी तीनदा वाजवायचे आणि विचारायचे, "भाऊ, पानी जोयजे का?" पाणी हवं की नको, आतून काहीही उत्तर येईपर्यंत ते हलत नसत. दर अमावस्येला आम्हा पाचही कड्यांना तेल मिळायचं. पाहुणे कधी कुरकुरायचे, कधी हसायचे.

तेव्हापासून आणखी एक गोष्ट सुरू झाली. भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही अशा वेळी, माझं बाहेरचं कडं हात लावू नये इतकं तापलेलं असायचं, आणि आतली पट्टी मात्र गार पडायची. कोणीतरी ती धरून उभं राहायचं. ती बोटं मी ओळखत होते. एकदा एका मास्तरांनी खाली येऊन विचारलं, "माझ्या दाराशी आतून कोण उभं होतं?" आबांनी मान खाली घातली आणि त्यांची खोली बदलून दिली.

दोन वर्षांपूर्वी आबा गेले. तानुबाईचे गुडघे जिना चढू देईनात. कारभार सून पुनमकडे आला. पोरगी हुशार, धुळ्यातल्या देवपूरच्या कॉलेजात शिकलेली, कामाला वाघीण. पण तिच्या मोबाईलवर एका पाहुण्याने लिहिलं, 'दुपारी दार वाजवून झोपमोड करतात.' तिला ते फार लागलं. तिने कडी वाजवणं बंद केलं. तेलाची आठवण कोणालाच राहिली नाही, आणि माझ्या खिळ्यात पुन्हा गंज बसू लागला. लोखंडाला भीती वाटते का, असं विचाराल तर हो, वाटते.

यंदाच्या मे महिन्यात लग्नसराईने गावातले सगळे लॉज भरले होते, म्हणून धुळ्याचे प्रेमराज नावाचे बियाणे विक्रेते आमच्याकडे आले. सकाळभर खेडोपाडी फिरून तोंड लाल झालेलं. "मला उठवू नका," एवढं सांगून त्यांनी पट्टी पाडली. थोड्याच वेळात वीज गेली आणि कूलर थांबला. आधी ते कण्हत होते. मग तेही थांबलं.

दोन वाजले आणि माझी पट्टी गार झाली.

प्रेमराज तर पलंगावर पडलेले होते. तरी दाराशी कोणीतरी आलं होतं. पट्टी हलली. तिच्यामागोमाग बाहेरचं कडं फळीवर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा.

खाली तानुबाई ताठ बसली. "पुनम, कडी वाजनी ना?"

"आई, वर फक्त पाहुणे आहेत. झोपलेत ते."

कडं पुन्हा वाजलं. "व माय! तीन नंबरनी कडी शे ती. पय पोरी, वर पय!"

पुनम धावत वर आली आणि शेवटच्या पायरीवर थबकली. दारासमोर कोणी नव्हतं, आणि कडं वाजत होतं. तिचं तोंड पांढरं पडलं. पळून गेली असती तर तिला कोण नावं ठेवणार होतं? पण तिने पुढे येऊन ते तापलेलं कडं पदराने धरलं.

"प्रेमराजभाऊ! पाणी हवंय का?"

उत्तर नाही. तिने दार ढकललं. आतून ती बोटं पट्टी उचलू पाहत होती, आणि मी पुन्हा तिथेच अडकले होते, एकतीस वर्षांपूर्वीसारखी. मला रडता येत नाही म्हणून, नाहीतर रडले असते. पुनमने मला गदागदा हलवलं. गंजाचे पोपडे पडले. बाहेरून तिचा हिसका आणि आतून ती अशक्त उचल, दोन्ही एकाच क्षणी लागले, आणि मी सुटले.

दार उघडलं. दाराशी कोणी नव्हतं. पलंगावर प्रेमराज पडले होते. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही, श्वास मात्र चालू. पुनमने ओल्या चादरी गुंडाळल्या, तानुबाई बसत-घसटत जिना चढून आली आणि वारा घालू लागली. रुग्णवाहिका आली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर आशा नव्हती.

चार दिवसांनी प्रेमराज पेढे घेऊन आले. पुनमने हळूच विचारलं, "त्या दिवशी दार तुम्ही उघडलंत का?"

"छे हो ताई. मला हातसुद्धा हलवता येत नव्हता."

तानुबाईने त्या दिवशी सुनेला भाईदासांची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. पुनम उठली आणि तेलाची वाटी घेऊन वर आली.

आता दोन वाजता ती पाचही कड्या वाजवते. काल तीन नंबरची खोली रिकामी होती. सवयीने तिने माझंही कडं वाजवलं आणि विचारलं, "भाऊ, पानी जोयजे का?"

आतून आवाज आला, "जोयजे."

पुनमने भरलेला तांब्या उंबऱ्याच्या आत ठेवला आणि दार लोटून घेतलं. संध्याकाळी तांब्या रिकामा होता. आज दोन वाजतासुद्धा माझी पट्टी गार पडली नाही, दिवसभर उन्हाने उबदार राहिली.

मित्रांनो, परगावी जाल तेव्हा जिथे तुमचं नाव विचारतात, जेवलात का म्हणून चौकशी करतात, अशा ठिकाणी उतरा. कोणी दार वाजवलं तर चिडू नका, आतून ओ द्या. आमच्यासारख्या जुन्या कड्या-बिजागऱ्यांना थेंबभर तेल घाला. आणि तुमच्या घरी उन्हातून आलेला पाहुणा झोपला असेल, तर त्याची झोप एकदा खुशाल मोडा. आम्ही एका पाहुण्याची झोप मोडली नाही, म्हणून त्याला तांब्याभर पाण्यासाठी एकतीस वर्षं दाराशी उभं राहावं लागलं.