या टेबलाची रीत

आमच्या छंग्तू शहरात ऊन क्वचितच पडतं, आणि पडलं की घरात बसायचं नसतं. त्या दिवशी तर लख्ख ऊन होतं, आणि आमच्या चहाघरातला आमचा चौथा गडी वेइ नेमका मुलीकडे गेलेला. माहजाँगच्या डावाला चौघं लागतात. म्हणून कुंगभाऊने कुठूनतरी फांग नावाचा एक निवृत्त मास्तर पकडून आणला.

फांग माझ्या उजव्या हाताला बसला. समोर कुंगभाऊ, डावीकडे माझी गिरणीतली मैत्रीण लान. चौघांनी मिळून सोंगट्या खळखळ ढवळल्या, भिंती रचल्या, तेरा-तेरा उचलल्या. गोल, बांबू आणि आकडे असे तीन रंग असतात. त्यातला एक रंग प्रत्येकाने सोडायचा. मी आकडे सोडले.

माझ्या हातातल्या सोंगट्यांची मला काळजी नव्हती. तीस वर्षं रेशमाचे धागे जोडलेला माझा अंगठा आहे, सोंगटीवरचं कोरीव काम तो बरोबर वाचतो. भीती होती ती दुसऱ्यांनी टाकलेल्या सोंगट्यांची. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते की डोळ्यांचा पडदा झिजलाय. कडेकडेचं दिसतं, पण जिथे बघावं तिथे नुसतं धुकं. हे मी कुणालाही सांगितलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या लू आजोबांचे हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांच्या मंडळींनी महिनाभर सांभाळून घेतलं. मग एक दिवस त्यांच्या खुर्चीत भलताच कुणीतरी दिसला. आता लू आजोबा दाराशी एकटेच चहा पीत बसतात. मला तसं बसायचं नव्हतं.

माझं नशीब असं, की त्याच सुमारास कुंगभाऊला टाकलेली प्रत्येक सोंगटी ओरडून सांगायची खोड लागली. जन्मभर बसस्थानकावर कर्ण्यातून गावांची नावं पुकारलेला माणूस. मी म्हणायचे, "भाऊ, गाड्या सुटल्या कधीच्या! आता तरी घशाला सुट्टी द्या." मग ती खोड लान आणि वेइलाही लागली. मी मनात हसायचे आणि ऐकून खेळायचे.

फांग मात्र न बोलता खेळत होता. त्याने सोंगटी ठेवली की कुंगभाऊच तिचं नाव घ्यायचा.

"सात बांबू!"

"सगळ्यांना दिसतंय की," फांग वैतागून म्हणाला. "भाजीबाजार आहे का हा?"

"या टेबलाची रीत आहे, मास्तर."

"कसली रीत? तीस वर्षं खेळतोय मी. असला गोंगाट कुठे ऐकला नाही."

"मग आज ऐका," लान म्हणाली.

फांगने पुढची सोंगटी टाकली. कुंगभाऊ ओरडला, "कोंबडी!" एक बांबूवर पक्षी कोरलेला असतो, त्याला आम्ही कोंबडी म्हणतो. मी तिचीच वाट बघत होते.

"जुळलं!" मी सोंगट्या उताण्या केल्या.

आमच्याकडे एक जण जिंकला म्हणून डाव मोडत नाही, उरलेले तिघं खेळत राहतात. एरवी मी जिंकले की उठते आणि गुडघे मोकळे करायला तळ्यापर्यंत जाऊन येते. आज म्हटलं, या शिष्ट मास्तरची जिरताना बघू, निदान ऐकू तरी. म्हणून बसून राहिले.

टक्. एक सोंगटी पडली. टक्. दुसरी. टक्. तिसरी.

कुणीच काही बोलेना.

कुंगभाऊ गप्प. लान गप्प. कितीतरी फेरे झाले, नुसतं टक्, टक्. म्हणजे मी उठून गेले की यांची ही खोड सुटत होती तर!

तेवढ्यात लानने मान वर केली असावी. "अगं थानताई! तू गेली नाहीस?"

"तीन गोल!" कुंगभाऊ घाईघाईने एवढ्या मोठ्याने ओरडला, की चहावाला दचकला.

तो डाव संपला. पुन्हा भिंती रचल्या. पहिली सोंगटी मला टाकायची होती. ती मी अंगठ्याखाली धरून ठेवली.

"कुंगभाऊ, मला दिसत नाही."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"सूर्यफुलाच्या बिया खाऊन टरफलं माझ्या चहात टाकलीस ना, तेव्हापासून. मी तो चहा प्यायलोसुद्धा."

मला हसू आलं आणि रडूही. दोन वर्षं मी या माणसांना फसवत होते म्हणे! आणि ही माणसं रोज दुपारी माझ्यासाठी घसा कोरडा करत होती, वर माझे टोमणे खात होती. इतकं कुणी माझ्यासाठी केलं नव्हतं. ते सांगायला गेले, तर तोंडातून निघालं भलतंच.

"मग माझी खुर्ची?"

"खुर्चीला काय झालंय?" लान म्हणाली. "तक्रार एकच आहे. आम्ही ओरडतो, आणि तू दोन वर्षांत एकदाही आपली सोंगटी पुकारली नाहीस. आमचे डोळे काय तरुण आहेत?"

मी सोंगटी टाकली. "पाच गोल!" शेजारच्या टेबलाने वळून पाहिलं. पाहू दे.

आता पाळी फांगची होती. त्याने सोंगटी उचलली, जरा वेळ हातात धरली, मग माझ्या बाजूला वाकून खाली ठेवली.

"दोन बांबू, ताई," तो म्हणाला. माझ्यापेक्षा मोठ्याने.